वाचकांचे प्रश्न : मुष्टियोद्धे आणि चरित्र भूमिका

प्रश्न : हॉलीवूडचे जुने अभिनेते व्हिक्टर मॅक्लॅग्लन हे जगज्जेत्या जॅक जॉन्सन यांच्याशी लढले होते, असे वाचनात आले. ती लढत जगज्जेतेपदासाठी होती का? पुढे त्यांना मिळालेले ऑस्कर अभिनयाचे होते, की धिप्पाड देहाचे?

उत्तर : लढत झाली हे खरे, मात्र ती जगज्जेतेपदासाठी नव्हती. जॉन्सन यांनी डिसेंबर १९०८ मध्ये सिडनी येथे टॉमी बर्न्स यांना हरवून हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १० मार्च १९०९ रोजी, कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्यांनी बावीस वर्षांच्या मॅक्लॅग्लन यांच्याशी सहा फेऱ्यांची प्रदर्शनी लढत केली. पद पणाला लागलेले नसल्यामुळे तिला विक्रमांच्या नोंदीत फारसे स्थान नाही. चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी मात्र तिचा पुढे भरपूर उपयोग झाला.

मॅक्लॅग्लन हे इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. बोअर युद्धात लढता यावे म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षी ते सैन्यात शिरले आणि खरे वय उघडकीस येताच त्यांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर कॅनडात कुस्ती व मुष्टियुद्ध, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील सेवा आणि १९२० मध्ये 'द कॉल ऑफ द रोड' हा पहिला चित्रपट, असा त्यांचा प्रवास झाला. त्या पहिल्या चित्रपटातही ते मुष्टियोद्धाच होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॅक्लॅग्लन यांना ऑस्कर मिळवून देणाऱ्या, जॉन फोर्ड दिग्दर्शित 'द इन्फॉर्मर' (१९३५) या चित्रपटातच सापडते. १९२२ मधील डब्लिनमध्ये घडणाऱ्या या कथेत मॅक्लॅग्लन यांनी साकारलेला जिपो नोलन वीस पौंडांच्या बक्षिसासाठी आपल्या मित्राला पोलिसांच्या हवाली करतो आणि ते पैसे एका रात्रीत उधळतो. शेवटाकडे आयरिश बंडखोर संघटनेतील त्याचे जुने सहकारी त्याची चौकशी करतात, तेव्हा तो दुसऱ्याच एका निरपराध माणसावर आळ घेतो. पण त्याच्या उधळपट्टीचा हिशेब मांडला जातो आणि त्या अवाढव्य देहातला जोर ओसरत जातो. बचावासाठी मूठ उगारण्याची सोय येथे नाही. घामेजलेला चेहरा, भिरभिरणारी नजर आणि अर्ध्यावर तुटणारी वाक्ये, एवढ्यावरच नटाला प्रसंग पेलायचा आहे. फोर्ड यांनी मॅक्लॅग्लन यांना मद्य पाजून ही दृश्ये घेतली, अशी कथा आवडीने सांगितली जाते. ती खरी धरली, तरी मद्याने जीभ अडखळेल, अपराधाची जाणीव चेहऱ्यावर कशी उमटेल, हा प्रश्न उरतोच.

त्या वर्षी 'म्युटिनी ऑन द बाउंटी'मधील क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रँचो टोन हे तिघेही प्रमुख अभिनेत्याच्या नामांकनात होते, त्यामुळे मते विभागली गेली असणे शक्य आहे. साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार पुढच्याच वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झाला. म्हणजे स्वभावाने चरित्र अभिनेता असलेल्या या माणसाने प्रमुख भूमिकेचे ऑस्कर पटकावले, तेव्हा त्याच्या जातकुळीच्या नटांसाठी वेगळा पुरस्कारच नव्हता. त्या वर्गात त्यांचे नामांकन झाले ते पुढे 'द क्वाएट मॅन' (१९५२) साठी.

प्रश्न : मुष्टियोद्ध्याची भूमिका खऱ्या मुष्टियोद्ध्यालाच का देत नाहीत?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, कारण नेमके उलटे घडल्याची उदाहरणे ठळक आहेत. 'द क्वाएट मॅन'मध्ये रिंग सोडलेला मुष्टियोद्धा साकारतात जॉन वेन, आणि ज्यांनी खरोखर रिंग गाजवली होती ते मॅक्लॅग्लन त्यांच्याशी भांडणारे गावातले आडदांड जमीनदार होतात. 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मध्ये माजी मुष्टियोद्ध्याची भूमिका मार्लन ब्रँडो यांची. टोनी गॅलेंटो, टॅमी मॉरिएलो आणि एब सायमन यांच्या वाट्याला मात्र गोदीतल्या गुंडांची कामे आली. हे तिघेही जगज्जेतेपदासाठी जो लुईस यांच्याशी लढलेले होते आणि गॅलेंटो यांनी तर १९३९ मध्ये लुईस यांना एकदा खाली पाडले होते!

कारण बरेचसे व्यवहाराचे आहे. नायकाला प्रेमप्रसंग आणि लांब संवाद पेलावे लागतात, शिवाय तिकिटे त्याच्या नावावर खपतात. पडद्यावरचा ठोसा लागायचा नसतो, तो कॅमेऱ्याच्या कोनातून लागल्यासारखा दिसायचा असतो. ज्याने आयुष्यभर ठोसा लागावा म्हणूनच सराव केला, त्याला ही सवय मोडावी लागते. अपवाद मॅक्स बेअर यांचा. १९३३ मध्ये ते एका चित्रपटाचे नायक झाले, त्यात त्यांच्यासमोर प्रिमो कार्नेरा होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी खऱ्या रिंगमध्ये कार्नेरा यांना हरवून जगज्जेतेपद घेतले. तरीही पुढे त्यांना बहुतेक दुय्यम भूमिकाच मिळाल्या.

प्रश्न : कॅनडा ली यांच्याविषयी थोडे सांगावे.

उत्तर : माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत समर्थ नट तेच. न्यूयॉर्कमध्ये १९०७ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याच्या डोळ्याचा पडदा ठोशामुळे सुटला, त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि कारकीर्द संपली. १९४१ मध्ये ऑर्सन वेल्स यांच्या दिग्दर्शनाखालील 'नेटिव्ह सन' या नाटकातील प्रमुख भूमिकेने त्यांचे नाव झाले. पाठोपाठ हिचकॉक यांचा 'लाइफबोट' (१९४४) आला.

'बॉडी अँड सोल' (१९४७) मध्ये नायक मुष्टियोद्धा जॉन गारफिल्ड आहेत आणि ली यांचा बेन हा मेंदूत रक्ताची गाठ झालेला माजी विजेता आहे. छायालेखक जेम्स वाँग हाउ यांनी चाकांचे बूट घालून, हातात कॅमेरा धरून लढती टिपल्या म्हणून या चित्रपटाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु रिंगचा माणसावर काय परिणाम होतो हे कळते ते बेनच्या दृश्यांतून, आणि त्यांत लढत जवळजवळ नाहीच. राजकीय संशयामुळे पुढे ली यांना अमेरिकेत काम मिळेनासे झाले. त्यांचा अखेरचा चित्रपट 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाला. त्यात ते खेड्यातले धर्मोपदेशक आहेत. मे १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पाहायचे असल्यास 'बॉडी अँड सोल'पासून सुरुवात करावी. 'लाइफबोट'मधील भूमिका त्या मानाने लहान आहे.