डिस्चार्ज कार्डावरचं ‘सीव्हीटी’ कोणत्या कोडात?

प्रश्न : राजारामपुरीतल्या एका रुग्णालयात मी मेडिकल रेकॉर्डला कोडिंग (आजाराला आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड देणं) बघते. कागलची २६ वर्षांची बाळंतीण, बाळंतपणाचा बारावा दिवस. चार दिवस डोकं ठणकत होतं, मग फिट आली आणि डावा हात-पाय लुळा पडला. साधा सीटी स्कॅन नॉर्मल. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी. कार्डावर फक्त ‘स्ट्रोक, सीव्हीटी’ (सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बोसिस, म्हणजे मेंदूच्या शिरेतली गुठळी). मी आय ६३.९ टाकला, फाइल परत आली. काय चुकलं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आय ६३.९ म्हणजे कारण न ठरलेला इन्फार्क्ट (रक्तपुरवठा बिघडून मेलेला मेंदूचा भाग). तुमच्या फाइलमध्ये कारण आहे, पण ते कार्डावर नाही, एमआरआयच्या रिपोर्टात आहे. कार्ड हातानं लिहिलेलं असेल तर आणखी एक गोची : ‘सीव्हीटी’तला टी घाईत ‘सीव्हीए’तल्या (म्हणजे नुसत्या स्ट्रोकच्या) ए सारखा दिसतो.

धमनी तुंबली की तिच्या हद्दीतला मेंदू रक्ताविना मरतो. शीर तुंबली की रक्ताचा निचरा थांबतो, मागं दाब वाढतो, सूज येते आणि पुष्कळदा तिथंच रक्त झिरपतं. त्यामुळं हा इन्फार्क्ट कुठल्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही; रेडिऑलॉजिस्टनं असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य अधोरेखित करून ठेवा. साधा सीटी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही, निम्म्याहून जास्त रुग्णांत तो नॉर्मल असू शकतो. निदान पक्कं होतं ते एमआरआयला शिरांची तपासणी, म्हणजे एमआर व्हेनोग्राफी, जोडल्यावर (किंवा सीटी व्हेनोग्राफीवर). तिथंही एक फसवणूक आहे : डावा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर) अनेकांचा जन्मतःच बारीक असतो आणि तो तुंबल्यासारखा दिसतो. ‘हायपोप्लास्टिक’ (जन्मतः बारीक) लिहिलंय की ‘थ्रॉम्बोसिस’ (गुठळी), ते नीट वाचा.

आता कोड. शिरेतल्या गुठळीनं इन्फार्क्ट झाला असेल तर आय ६३.६. गुठळी आहे पण इन्फार्क्ट नाही, तर आय ६७.६. कान किंवा नाकाजवळच्या सायनसच्या पू झालेल्या संसर्गातून गुठळी झाली असेल तर जी ०८. पण बाळंतिणीला यातला कुठलाच कोड पहिला लागत नाही. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत मुख्य कोड ओ ८७.३, गरोदरपणात ओ २२.५. तुमच्या फाइलला ओ ८७.३ पहिला, आय ६३.६ सोबत. म्हणून प्रसूतीची तारीख आधी शोधा.

फिटसाठी एपिलेप्सीचा कोड लावू नका, एका फिटनं एपिलेप्सी ठरत नाही. बाळंतिणीला फिट आली की कॅज्युअल्टीत पहिला संशय एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वाढलेल्या रक्तदाबासोबत येणाऱ्या फिटचा) घेतला जातो, ते योग्यच. पण नंतर तो नाकारला गेला असेल तर ओ १५.२ फाइलमध्ये राहता कामा नये. रक्तस्रावी इन्फार्क्ट लिहिलं असेल तर आय ६१ कडे (मेंदूतल्या रक्तस्रावाच्या कोडाकडे) वळू नका. त्याच पानावर हेपॅरिन (गुठळी वाढू न देणारं औषध) दिसलं तरी दचकू नका. शिरेच्या गुठळीत रक्तस्राव असूनही ते देतात.

रिपोर्ट आणि कार्ड जुळत नसतील तर अंदाजानं कोड टाकू नका. कार्डाच्या समासात ‘इन्फार्क्ट आहे का?’ असं लिहून डॉक्टरांकडून सहीनिशी उत्तर घ्या. आणि हो, टाइप करताना ओ ८७.३ मधला ओ अक्षर आहे, शून्य नव्हे. तिथं शून्य पडलं तर कोड बरोबर असूनही सॉफ्टवेअर तो ओळखणार नाही.