जुने लॉन उपटून टाकण्यापूर्वी

पुण्याजवळ आपण घेतलेले घर तीन वर्षे बंद होते, समोरचे सुमारे हजार चौरस फुटांचे लॉन पिवळे पडले आहे, जागोजागी लव्हाळा माजला आहे आणि सगळे उपटून नवे कार्पेट लॉन अंथरावे असे माळीकाकांचे म्हणणे आहे, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की पावसाळा सुरू होईपर्यंत नवे गवत विकत घेऊ नये. मी घर घेतले तेव्हा हीच घाई केली होती. मे महिन्यात मेक्सिकन गवताचे तुकडे अंथरले, दिवाळीपर्यंत ते सुरेख दिसले आणि पुढच्या उन्हाळ्यात जुन्या लॉनमध्ये जिथे डाग होते नेमक्या तिथेच पुन्हा डाग पडले. दोष जमिनीत होता आणि मी फक्त वरचे गवत बदलले होते.

म्हणून पहिले काम कुदळीचे आहे. चांगला भाग, वाईट भाग, भिंतीजवळचा भाग आणि आंब्याच्या झाडाखालचा भाग अशा चार ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्यावेत. माझ्याकडे वर दोन इंच लाल माती निघाली आणि तिच्याखाली धुम्मस करून दाबलेला मुरूम, विटांचे तुकडे व वाळलेल्या सिमेंटचे गोळे निघाले. बांधकामाच्या वेळचा राडारोडा तसाच पुरून वर माती पसरलेली होती. अशा जागी मुळे खाली जाऊच शकत नाहीत. खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसरे पाणी चार-पाच तासांनंतरही साचलेले दिसले तर निचरा सुधारल्याशिवाय त्या भागात गवतावर खर्च करू नये. खणताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या आणि गवत सतरंजीसारखे सहज उचलले गेले, तर ती हुमणी होय. ती मुळेच खाते, त्यामुळे कितीही पाणी दिले तरी गवत सावरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने गवत खरोखर मेले आहे का, हे पाहावे. आपल्याकडील बहुतेक जुन्या लॉनमध्ये हरळी असतेच, आणि ज्या चिवटपणामुळे शेतकरी तिला वैतागतो तोच चिवटपणा इथे आपल्या उपयोगाचा आहे. वरून ती वाळून तपकिरी झाली तरी जमिनीतील खोडे जिवंत असू शकतात. तीन बाय तीन फुटांचा एक चौकोन आखून त्याला दहा-पंधरा दिवस नियमित पाणी द्यावे. हिरवे कोंब फुटले तर सगळे उपटण्याचे कारण उरत नाही.

लव्हाळ्याबाबत मात्र थोडा धीर धरावा लागेल. वरची पाने उपटल्याने तो जात नाही, कारण जमिनीत त्याच्या गाठी एकमेकींना धाग्यासारख्या भूमिगत खोडांनी जोडलेल्या असतात आणि साखळी तुटली की झोपलेल्या गाठींनाही फुटवे येतात. जिथे तो दाट आहे तिथली वीतभर माती एप्रिल-मेच्या उन्हात खणून, गाठी वेचून काढाव्यात आणि उरलेली माती कडक उन्हात पसरून कोरडी ठणठणीत होऊ द्यावी. वाळलेली गाठ पुन्हा उगवत नाही. या काळात त्या भागाला पाणी देणे पूर्ण बंद ठेवावे. काही गाठी सुटणारच, पण लव्हाळ्याला सावली मानवत नाही, त्यामुळे दाट गवताखाली तो आपोआप क्षीण होतो.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की उरलेल्या भागात, जमीन ओली पण चिखल नसताना, गार्डन फोर्क चार इंच खोल रोवून वीतभर अंतरावर भोके पाडावीत. त्यावर पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत, वाळू आणि माती यांचे मिश्रण पाव इंच जाडीने पसरावे. हजार चौरस फुटांना ते सुमारे वीस घनफूट लागते. अर्धवट कुजलेले शेणखत कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यातून तणाचे बी आणि हुमणी दोन्ही घरात येतात. उघड्या जागी आपल्याच लॉनमधील हरळीचे मुळांसकट तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. पावसाळ्यात ते भराभर पसरतात.

नवी वाढ नीट दिसू लागल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, हजार चौरस फुटांना एक किलो युरिया पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत, पाने कोरडी असताना टाकून लगेच पाणी द्यावे. मूठमूठ फेकल्यास गवत जळते. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. पावसाळ्यानंतर रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, चार इंच खोल ओल जाईल इतके पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलीच्या शोधात खाली उतरतात.

आंब्याखालच्या भागात मात्र हरळीचा हट्ट धरू नये. तिला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे, आणि तेवढ्यासाठी फळते झाड छाटणे मला पटत नाही. ती जागा पालापाचोळ्याने झाकून ठेवावी किंवा तिथे सावलीत वाढणारी झाडे लावावीत.