बोटाची जखम भरत का नाही?

«ताई, माझं वय ६८. यजमानांना तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे, त्यांचं सगळं मीच करते. दीड महिन्यापूर्वी दारात बोट चेंगरलं, ती जखम अजून ओली आहे. बीपीची गोळी वाढली, झोप तुटक झाली. डॉक्टर म्हणतात वय झालं. मुलं फोनवर म्हणतात, ‘आई, टेन्शन घेऊ नकोस.’ पूर्वी मैत्रिणी यायच्या. हे एकदा एकीला ‘चालती हो’ म्हणाले, तेव्हापासून मीच बोलावणं सोडलं. हल्ली मी ह्यांच्यावर ओरडते आणि मग दार लावून रडते. मी मनानं कच्ची आहे का?»

नाही. पण आधी बोटाचं बघू. दीड महिना ओली राहिलेली जखम अंगावर काढू नका. याच आठवड्यात ती पुन्हा दाखवा, रक्तातली साखर तपासून घ्या, आणि नुसतं बोट दाखवून परत येऊ नका. ‘मी दिवसरात्र एका माणसाचं करते आणि मला सलग झोप मिळत नाही’ हे डॉक्टरांच्या कानावर घाला. खरं तर त्यांनीच विचारायला हवं होतं. नाही विचारलं, तर आपण सांगायचं.

कारण या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमच्यासारख्याच १३ बायकांना अभ्यासात घेतलं, डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या. जोडीला साधारण त्याच वयाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या १३ जणी. सगळ्यांच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायची वाट पाहिली. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले, करणाऱ्या बायकांना जवळपास ४९. अभ्यास लहान होता, तरी एवढ्याशा जखमेला नऊ-दहा दिवस जास्त, हे मला आजही चटका लावतं.

होतं असं की ताणाखाली शरीर कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतं. संकट तासाभराचं असेल तर ते उपयोगीच. पण तुमचं संकट रोज सकाळी नव्यानं उठतं. कॉर्टिसोल चढंच राहिलं की साखर आणि रक्तदाब वर जातात, झोप मोडते, जखम भरून काढणारी पेशींची धावपळ मंदावते. त्यात उतारवयात चढलेला ताण ओसरायलाही वेळ लागतो. मग वय झालं म्हणणारे डॉक्टर अगदीच चूक नाहीत, अर्धंच बोलले इतकंच.

आणखी एक आकडा सांगू की नको, असा विचार करत होते. १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच या संशोधकांनी जोडीदाराचं करणाऱ्या वृद्धांना चार वर्षं पाहिलं. ज्यांच्यावर त्या कामाचा ताण होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ही जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. घाबरू नका, कारण मला सांगायचंय ते पुढचं आहे: जे करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तो धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे नवऱ्याचं करणं तुम्हाला पोखरत नाहीये. एकटीनं करणं पोखरतंय, असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं.

आणि इथे जरा कटू बोलते. मैत्रिणी सुटल्या नाहीत, तुम्ही त्यांना सोडलंत. लाजेपोटी, हे कळतं मला. पण त्या माणसानं ‘चालती हो’ म्हटलं नाही, त्याच्या आजारानं म्हटलं. हे त्या मैत्रिणीला कुणी सांगितलंय का? तिला वाटत असेल, तिचंच काही चुकलं.

मुलांचं म्हणाल तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला नव्हे, तो फोन ठेवायचा शिष्टाचार आहे. त्यांना ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका; मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळतं. वार सांगा, वेळ सांगा. ‘दर शनिवारी दुपारी तीन तास तुमच्यापैकी एकानं बाबांजवळ बसायचं, नाहीतर बसणाऱ्या माणसाचे पैसे दोघांनी द्यायचे.’ आणि ते तीन तास घरातली कामं उरकण्यात घालवायचे नाहीत. बाहेर पडायचं.

ओरडण्याबद्दल: झोप न मिळालेला कुणीही ओरडतो. आवाज चढतोय असं वाटलं की ते सुरक्षित बसलेत ना बघा आणि दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. हात उगारावासा वाटायला लागला किंवा जगणंच नकोसं झालं, तर मात्र शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मुलांना सांगा.

आज ते झोपले की त्या मैत्रिणीला फोन लावा. सुरुवात सुचत नसेल तर एवढंच म्हणा, ‘हे त्या दिवशी बोलले ते मनावर घेऊ नकोस. तू ये. ते दहादा तुझं नाव विचारतील, तू दहादा सांग.’