माया कापू नकोस

तुझं पत्र मिळालं. दिवाळीनंतर कुर्ते पडून आहेत, बायका हात लावून पुढे जातात, आणि आता तू तीन उपाय काढलेस: हलकं कापड, शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, निम्मी आणि सरसकट चाळीस टक्के सेल. मधला वाचून मला राग आला, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

त्या बायका नुसता हात लावत नाहीत गं, नीट बघ. पैसा जपायचे दिवस आले की बाई कुर्ता उलटा करते. बगलेची शिवण ताणून बघते, आत माया किती आहे ते चिमटीत धरते. पुढच्या वर्षी तो उसवून सैल करता येईल का, धाकटीला होईल का, हा हिशोब तिथेच उभ्या उभ्या चालू असतो. हात सैल असताना आत कुणी डोकावत नाही. आता सगळ्या डोकावतायत, आणि तू नेमकी तिथेच कात्री घेऊन निघालीस!

काप ना, बाकी सगळं काप. गळ्याची भरगच्च एम्ब्रॉयडरी, गोंडे, पाठीवरची ती निरुपयोगी बटणं, जाड पुठ्ठ्याचा डबा. चौदा डिझाइनं कशाला? चार ठेव. माया ठेव.

ब्रिटनमध्ये 1941 साली कपड्यांचं रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं, आणि लोकरी फ्रॉकला त्यातली 11 जायची. त्याच सुमारास सरकारने साध्या ‘युटिलिटी’ कपड्यांची योजना काढली, तेव्हा नॉर्मन हार्टनेलसारखे राजघराण्याचे कपडे करणारे लोकही त्यासाठी नमुने काढायला बसले. चुण्या, खिसे, बटणं मोजूनमापून द्यायची, पण कापडाचा दर्जा ठरवून दिलेला. मोजकी कूपनं हातात असलेलं माणूस टिकेल तेच घेणार. तुझं आजचं गिऱ्हाईक वेगळं नाही.

कापडाचं म्हणशील तर हातमाग सोडून इचलकरंजीचं यंत्रमागाचं सुती घेतलंस तरी मला काही वाटणार नाही. फक्त लेबलावर हातमाग लिहू नकोस, आणि बेतायच्या आधी धुऊन आटवून घे.

किमतीचं गणित मात्र तू मांडलेलंच नाहीस. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18. तुझा 2,600 चा कुर्ता करासकट 3,068 ला पडतो. तोच 2,500 ला बसवलास तर 2,625. तू सोडायचे शंभर, तिचे वाचतात 443. ते शंभर लेसमधून काढ. अस्तरातून काढणार असशील तर मला कळवूही नकोस.

सेल लावू नकोस. एकदा चाळीस टक्क्यांची पाटी लागली की मूळ किंमत खोटी होती असंच बायका धरतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. त्यापेक्षा वर्षभरात एकदा कुर्ता फुकट सैल करून देईन असं सांग. त्यासाठी आत काय लागतं, हे पुन्हा लिहायला लावू नकोस.

2009 साली बाहेरच्या ऑर्डरी आटल्या होत्या, तेव्हा एका मोठ्या खरेदीदाराने मलाही माया निम्मी करायला सांगितली होती. मी नाही म्हटलं. ऑर्डर गेली. दोन कारागीर गावी परतले ते कायमचेच. त्यातल्या एकासारखं काज मला पुन्हा कुणाकडून मिळालं नाही. घरचे अजून ऐकवतात, अर्ध्या इंचापायी दोन माणसांची रोजी घालवलीस. मला ते लागतं. पण तेव्हा अर्धा इंच दिला असता तर पुढच्या हंगामात त्यांनी पाव मागितला असता, आणि मी शिवलेले ब्लाउज बायका आज लेकींच्या मापाचे करून न्यायला आणतात, ते आले नसते. मी हट्टी होते म्हणणाऱ्यांनी ते ब्लाउज उलटे करून बघावेत. असो, हे तुझ्यासाठी नव्हतं.

पंधरा-वीस कुर्त्यांच्या वर एका वेळी कापू नकोस. आधी मापं घे, थोडा विसार घे, मग कापड आण. भाडं जड जात असेल तर दुकान सोड, घरून कर. त्यात लाज कसली?

आणि उद्या सकाळी तुझ्या मास्टरला विचार, बगलेखाली तो सध्या माया किती सोडतो. उत्तर इंचात आलं पाहिजे. ‘भरपूर’ म्हणाला तर टेप घेऊन स्वतः मोज आणि मला कळव.