स्त्रियांचे स्नायू पुरुषांपेक्षा लवकर भरून येतात का? स्नायूंच्या मूळपेशींतच फरक असतो का?

फरक आहे. पण ‘लवकर कोणाचे’ यावर ठाम उत्तर देणाऱ्याला आधी विचारा, मोजलं कसं?

नेहमीचा प्रयोग असा: उंदराच्या नडगीवरच्या स्नायूत ५० मायक्रोलिटर कार्डिओटॉक्सिन (स्नायुतंतू मारणारं सापाच्या विषातलं द्रव्य) टोचायचं, नराला तेवढंच, मादीलाही तेवढंच. मादीचा हा स्नायू मुळात लहान, म्हणजे तिला तुलनेने इजा जास्त. मग सातव्या दिवशी काप काढून मध्यभागी केंद्रक असलेले, म्हणजे नव्याने घडलेले, तंतू मोजतात. नराचे जाड दिसले की निष्कर्ष तयार! अहो, ते इजेआधीही जाडच होते. मात्रा स्नायूच्या वजनाशी जुळवा आणि तुलना त्याच लिंगाच्या, इजा न झालेल्या उंदराशी करा. त्याच उंदराचा दुसरा पाय मूळपेशींच्या तुलनेला चालत नाही. एका पायाला इजा झाली की दुसऱ्या पायातल्या सॅटेलाइट पेशीही (स्नायूच्या मूळपेशींचंच हे नाव) अर्धवट जाग्या होतात.

प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींची गंमत वेगळीच. त्यांच्या पोषक द्रवातला (माध्यमातला) लाल रंग, फिनॉल रेड, सौम्य इस्ट्रोजेनसारखा (स्त्री-हार्मोनसारखा) वागतो, आणि त्यात घातलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्तद्रवात, हार्मोन्स असतातच. त्यामुळे रंगविरहित माध्यम आणि हार्मोन्स काढण्यासाठी कोळशाने गाळलेलं सीरम घेतलं नसेल, तर ‘इस्ट्रोजेनचा परिणाम दिसला नाही’ या वाक्याला काडीची किंमत नाही.

हे सांभाळून काय हाती लागतं? २००७ साली स्नायुक्षय असलेल्या उंदरांत सोडलेल्या मादी-मूळपेशींनी नर-पेशींपेक्षा जास्त तंतू घडवले. ऑक्सिडेशनचा ताण आला की नर-पेशी घाईने पक्व होतात आणि साठा आटतो, असं त्यामागचं एक कारण दिसलं. अंडाशय काढलेल्या, म्हणजे इस्ट्रोजेन घटलेल्या, उंदरांत सॅटेलाइट पेशी घटतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांच्या मांडीच्या स्नायूतही तसंच आढळलं आहे.

‘मादीचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं, म्हणून फक्त नर घेतो’ हे मात्र मला सांगू नका. चक्र ४-५ दिवसांचं, भरून यायला ३-४ आठवडे. एवढ्या काळात प्रत्येक मादीची अनेक चक्रं होऊन जातात. तरी शंका असेल तर रोज सकाळी योनीतला थेंबभर द्रव काचपट्टीवर घ्या, अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

हो, यातलं बरंचसं उंदरांचं आहे. तुमच्या पोटरीच्या बाबतीत इजा किती खोल आणि वय किती, हे लिंगाआधी बघा.