नोटिशीला उत्तर लिहिण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि पक्षकाराच्या तक्रारीवरून राज्य बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांच्या आचरणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, तुला पाठवलेल्या नोटिशीची प्रत मिळाली. दावा पुकारला गेला तेव्हा तू दुसऱ्या न्यायालयात होतीस, दावा गैरहजेरीत काढून टाकण्यात आला आणि पक्षकाराला ते सात महिने कळले नाही, एवढे तू प्रांजळपणे लिहिले आहेस. त्यापुढे मात्र तू जे तीन उपाय सुचवले आहेस, त्यांपैकी एकही मला पटलेला नाही, म्हणून हे उत्तर विस्ताराने लिहीत आहे.

पक्षकाराला काही रक्कम देऊन तक्रार मागे घ्यायला लावावी, हा तुझा पहिला विचार. तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली, एवढ्याच कारणावरून चौकशी सोडून देता येत नाही, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. ही चौकशी म्हणजे वकील आणि पक्षकार यांच्यातला खासगी वाद नव्हे. १९७५ साली दाभोलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने राज्य बार कौन्सिललाही अपील करण्याचा अधिकार मान्य केला, कारण वकिलांच्या आचरणावर नजर ठेवण्याचे काम ती लोकांच्या वतीने करते. पक्षकाराचे नुकसान भरून देणे योग्यच आहे, पण ते त्याच्या सहीच्या बदल्यात द्यायचे नसते.

दुसरा विचार फाइल अडवून ठेवण्याचा. फी येणे आहे हे मला मान्य आहे, पण आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला आहे. एका सहकारी बँकेच्या कायदा सल्लागाराने थकलेल्या फीसाठी बँकेच्या फायली परत देण्यास नकार दिला होता. थकलेल्या फीपोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही आणि मागणी होऊनही ते परत न करणे हे गैरवर्तन आहे, असे न्यायालयाने ठरवले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने अठरा महिन्यांसाठी वकिली करण्यास केलेली मनाई कमी करून न्यायालयाने त्याला ताकीद दिली, हे खरे. पण तेव्हा हा मुद्दा सुटलेला नव्हता, आज ती सबब तुला मिळणार नाही. फीसाठी वेगळा दावा लावता येतो, फाइल मात्र परत द्यावी लागते.

तिसरा विचार वाचून मला सर्वांत वाईट वाटले. कारकुनाने तारीख सांगितलीच नाही, असे प्रतिज्ञापत्रावर लिहावे, असे तू म्हणतेस. तुझ्याच पत्रात, त्याच पानावर, ती तारीख तुझ्या डायरीत लिहिलेली होती असेही आहे. निव्वळ हलगर्जीपणा किंवा निर्णयातील चूक म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितले आहे. त्या चुकीला अप्रामाणिकपणाची जोड मिळाली की तिचे स्वरूप बदलते. आज तुझ्याविरुद्ध आहे तो हलगर्जीपणा. खोटे प्रतिज्ञापत्र केलेस, तर त्याचे गैरवर्तन तू स्वतःच्या हाताने करशील, आणि तेही अशा माणसाच्या माथी मारून, ज्याला तुझ्याविरुद्ध तोंड उघडणे परवडत नाही.

खरे तर ते गेलेले सात महिने मला त्या चुकलेल्या तारखेपेक्षा अधिक गंभीर वाटतात. माझ्या वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझाही एक दावा असाच गैरहजेरीत निघाला होता. पक्षकार भेटायला आले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला. त्यावर माझ्याच अक्षरात तारखा लिहिलेल्या होत्या आणि शेवटच्या तारखेखालची जागा रिकामी होती. मी तिथे पुढच्या महिन्यातली एक तारीख लिहून दिली. ती तारीख कुठल्याच न्यायालयाने दिलेली नव्हती. त्यांनी तो कागद पुन्हा तशाच घड्या घालून जपून खिशात ठेवला. चार दिवसांनी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले आणि मुदतीत अर्ज देऊन दावा पुन्हा दाखल्यावर घेतला गेला, म्हणजे पुन्हा सुरू झाला; पण त्या चार दिवसांचे समर्थन मला आजही करता येत नाही.

कार्यवाहीबद्दल थोडक्यात लिहितो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली तुझे प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे जाईल. समन्स काढणे, साक्ष घेणे, कागद मागवणे याबाबतीत तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणे किंवा नाव वकिलांच्या पटावरून काढून टाकणे, यांपैकी कोणताही आदेश ती देऊ शकते. आदेश मान्य नसेल तर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येते आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे. राज्याच्या समितीने वर्षभरात प्रकरण निकाली काढले नाही, तर ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते, तेव्हा लांबणीवर टाकून ते विरून जाईल अशी आशा धरू नकोस.

आता आधी दाव्याकडे बघ. दावा पुन्हा दाखल्यावर घेण्याच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत असते आणि ती केव्हाच उलटली आहे, त्यामुळे सोबत विलंबमाफीचा अर्ज लागेल. तो अर्ज पक्षकाराचा नवा वकील देईल, त्यासाठी ना हरकत आणि संपूर्ण फाइल पोचपावती घेऊन या आठवड्यातच त्यांच्या स्वाधीन कर. त्याबरोबर तुझे प्रतिज्ञापत्रही दे, ज्यात गैरहजेरी तुझी होती आणि ती पक्षकाराला तू कळवली नाहीस, असे स्पष्ट लिहिलेले असेल. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक प्रकरणात घेतली आहे, परंतु तिचा आधार घ्यायला चूक वकिलाची होती हे दिसावे लागते, आणि ते खात्रीने सांगू शकणारी तू एकटीच आहेस. हेच प्रतिज्ञापत्र उद्या समितीपुढे तुझ्याविरुद्ध वाचले जाईल, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही ते दे.

नोटिशीच्या उत्तराचा मसुदा त्यानंतर करू. येताना डायरीचे मूळ पान, फीच्या पावत्या आणि रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील दाव्याच्या तारखावार नोंदीची, प्रमाणित नक्कल घेऊन ये. डायरीत आता एक अक्षरही नव्याने लिहू नकोस. कारकुनाशी मात्र आजच बोल, कारण त्याचे नाव तू उत्तरात घालणार आहेस हे त्याच्या कानावर गेले असण्याची शक्यता आहे.

कळावे.