मातीचा बैल का तडकतो, अनारसा का हसतो?

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरी करायच्या वस्तू आणि पदार्थांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. विषय निरनिराळे असले तरी बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात निघालं. कुठे ते फार लवकर उडून गेलं, कुठे नको तितकं राहून गेलं. म्हणून उत्तरांत मापाइतकाच भर भिजवण्यावर आणि वाळवण्यावर आहे.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा) लेकरांसोबत शेतातल्या मातीचे बैल करतो. दोनच दिवसांत पोटावर भेगा पडतात, पाय गळून येतात. लाकडी बैल बाजारात मिळतो, पण आम्हाला घरचा मातीचाच हवा आहे. काय चुकतं? (दर्यापूर तालुका)

उत्तर : माती चुकते. आपली काळी कसदार माती पिकासाठी सोनं, पण मूर्तीसाठी अवघड. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की तितकेच आकसतात. उन्हाळ्यात वावराला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. तेच बैलाच्या पोटावर होतं.

कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम. नाहीतर तळ्याच्या किंवा नाल्याच्या काठचा गाळ घ्या, किंवा भिंती सारवायला वापरतात ती पांढरी माती घ्या. वाळवून, फोडून, पिठाच्या चाळणीने चाळा. चार वाटे माती, एक वाटा बारीक रेती, अर्धा वाटा चाळलेली राख आणि दोन मुठी पिंजलेला कापूस असं प्रमाण धरा. रेती आणि राखेमुळे माती कमी आकसते. कापसाचे तंतू माती आतून धरून ठेवतात. कापूस गोळ्याने टाकू नका, सुटा करून थोडा थोडा कालवा. भिजवलेली माती ओल्या पोत्याखाली तीन-चार दिवस मुरू द्या आणि रोज एकदा तुडवा. लेकरांना हे काम सांगावं लागत नाही.

बैल करण्याआधी एक परीक्षा घ्या. बोटाएवढ्या जाडीची बरोबर १० सेंटिमीटर लांबीची वळी करून सावलीत वाळवा. वाळल्यावर ती ९.२ सेंटिमीटरपेक्षा आखूड झाली किंवा तडकली, तर माती अजून जोरकस आहे. आणखी अर्धा वाटा रेती घाला. वळी हातात भुरभुरली तर रेती जास्त झाली.

पाय गळण्याचं कारण वेगळं आहे. पाय मजबूत व्हावेत म्हणून बरेच जण आत काड्या घालतात. माती आकसते, काडी आकसत नाही, मग काडीभोवती माती फाटते. काडी घालूच नका. पाय वर जाड, खाली निमुळते असे चार सुळके करा. जोडायच्या दोन्ही जागा काट्याने आडव्या-उभ्या खरवडा, त्यांवर त्याच मातीची दाट रबडी लावा, पाय दाबून बसवा आणि सांध्यावर मातीची बारीक वळी फिरवून अंगठ्याने लिंपा. सहा इंचाच्या बैलाचं पोट भरीव ठेवू नका. खालून चमच्याने कोरून अर्धा इंच जाडी राखा. भरीव पोट बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि वरची साल ताणून फुटते.

वाळवणं सावलीतच. पाटावर राख पसरून त्यावर बैल उभा करा, म्हणजे आकसताना पाय सरकू शकतात. पहिले दोन दिवस वरून ओलसर कापड असू द्या. शिंगं आणि कान बारीक असल्याने आधी वाळून तुटतात, त्यांना ओल्या चिंधीचं टोपण ठेवा. शिंगांना बाभळीचे काटे हवे असतील तर ओल्या मातीत खुपसू नका. काट्यापेक्षा थोडं मोठं भोक पाडून ठेवा आणि वाळल्यावर डिंकाने बसवा.

श्रावणातल्या दमट हवेत बैल वाळायला सात-आठ दिवस सहज लागतात. म्हणून राखीपौर्णिमेलाच माती भिजत घाला. पोळ्याला बरोबर पंधरा दिवस उरतात. रंगासाठी आधी चुन्याचा पातळ हात, मग गेरूची झूल. चुना ओला असतानाच त्यावर हळदीचं पाणी लावलं की ते लाल होतं, मुलं बघत राहतात. चुना मात्र मोठ्यांनीच कालवावा, डोळ्यांत उडाला तर इजा करतो. आणि हा बैल भाजलेला नाही. बोजारा (तान्ह्या पोळ्याला लेकरांना घरोघरी मिळणारी ओवाळणी) मागायला निघताना पावसाची चिन्हं असतील तर टोपलीत झाकून न्या.

प्रश्न : भुलाबाईच्या (मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या) मखराला ज्वारीचे धांडे (ताटं) लागतात. गावात आता सगळीकडे सोयाबीन, ज्वारी कोणी पेरत नाही. दुसरं काय चालेल? उरलेल्या धांड्यांचं मुलांसाठी काही करता येईल का? (रिसोड तालुका)

उत्तर : मक्याचे धांडे चालतात, जाड असल्याने मखर उलट ताठ उभं राहतं. पऱ्हाटी (कापसाची काडी) किंवा तुऱ्हाटी (तुरीची काडी) वाकत नाही आणि टोचते, ती टाळा. पुढच्या वर्षासाठी बांधावर किंवा परसात एक ओळ ज्वारी टाकून ठेवा. मूठभर बियाण्यात मखराचे धांडे कणसासकट मिळतात, आणि कणसाशिवाय मखराला शोभा नाही.

उरलेल्या धांड्यांची बंडी (बैलगाडी) करा. धांडे पूर्ण वाळलेले हवेत, कारण ओल्या धांड्याचा गाभा नंतर आकसतो आणि सगळे सांधे ढिले होतात. दोन पेरांमधला सरळ भाग कापून घ्या. वरची साल उभी सोलून काडीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या काढा. आतला पांढरा मऊ गाभा हा ठोकळा आणि सालीची टोकदार पट्टी हा खिळा, एवढंच या कामाचं तंत्र. दोन लांब धांडे बंडीच्या तळाच्या चौकटीसाठी, त्यांत दोन-दोन बोटांवर आडव्या पट्ट्या खुपसा. चाकासाठी लांब पट्टी पाण्यात दहा मिनिटं भिजवून गोल वाकवा, टोकं दोऱ्याने बांधा, मध्ये गाभ्याचा तुकडा आणि त्यातून सहा आरे. सालीची धार ब्लेडसारखी असते. सोलायचं काम मोठ्यांचं, जोडायचं मुलांचं.

प्रश्न : अनारसे तुपात टाकले की हसतात, सगळा चुरा होतो. पुढच्या खेपेला पीठ वाढवलं तर कडक झाले आणि जाळी पडली नाही. घरी एचएमटी तांदूळ आहे, तो चालतो का? (साकोली तालुका)

उत्तर : एचएमटी चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेला हा बारीक तांदूळ. अट एकच, तो किमान वर्षभर जुना असावा. दिवाळीच्या सुमाराला हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाचा नवा तांदूळ घरात येतो आणि मोह होतो, पण नवा तांदूळ चिकट असतो. त्याचं पीठ गुळाबरोबर लगदा होतं.

तांदूळ धुऊन तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. या तीन दिवसांत तांदूळ किंचित आंबतो आणि इतका मऊ होतो की दाणा बोटात चुरतो. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत पसरा. नेमका किती वाळवायचा, इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. मूठभर तांदूळ घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर तळहाताला पाणी लागलं तर अजून वाळवा. दाणे सुटून पडले तर जास्त वाळला. तळहात कोरडा आणि दाणे एकमेकांना धरून, ही वेळ. लगेच कुटा किंवा दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. ही ओल गूळ विरघळवायला लागते. कोरड्या पिठात गूळ कणाकणाने राहतो, तळताना तेवढाच वितळून वाहतो आणि अनारसा फुटतो.

चार वाट्या पीठ, तीन वाट्या दाबून भरलेला किसलेला गूळ, दोन चमचे तूप. गूळ साधा, पिवळसर, मऊ घ्या, चिकीचा नको. आणि एक वाटी पीठ गूळ न घालता बाजूला राखून ठेवा, याचा उपयोग पुढे सांगतो. मळून गोळे डब्यात दाबून भरा. चार-पाच दिवसांनी पीठ सैल आणि लोण्यासारखं होतं, मगच थापायला घ्या.

आता तुमच्या दोन्ही तक्रारी. हसण्याचं कारण म्हणजे गूळ जास्त, तूप जास्त, किंवा पीठ ओलं. गुळाचा पाक तांदळाच्या पिठाला पेलत नाही आणि गरम तुपात सुटतो. आधी एकच अनारसा तळून बघा. हसला तर वाटीभर मिश्रणात एक-दोन चमचे राखून ठेवलेलं पीठ मिसळा, अर्धा तास झाका, पुन्हा एक तळा. तुम्ही बहुधा कोरडं पीठ एकदम जास्त घातलं, म्हणून पुढचे कडक झाले. तसे कडक झाले तर पिकलेल्या केळ्याचा लिंबाएवढा तुकडा कुस्करून मळा किंवा दूध थेंबाथेंबाने लावा.

खसखशीवर थापताना मध्ये पातळ, कडेला किंचित जाड ठेवा. खसखशीची बाजू वर ठेवून सोडा, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. आच मंद ते मध्यम. पिठाचा कण टाकल्यावर तो तळाला जाऊन सावकाश वर यावा. लगेच उसळला तर तूप जास्त तापलंय. बाहेरून करपेल आणि जाळी पडायच्या आत कवच धरेल. एका वेळी एकच तळा आणि चाळणीत उभे करून निथळा. आडवे एकावर एक ठेवले की खालचे मऊ पडतात.

प्रश्न : चकली तळताना तुटते, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ पडते. (आर्वी तालुका)

उत्तर : तुटते तेव्हा मोहन (पिठात घालायचं कडकडीत तेल) जास्त किंवा पीठ कोरडं. मऊ पडते तेव्हा तळायचं तेल फार गरम, किंवा गरम असतानाच डबा बंद केला. चार वाट्या भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत तेल आणि साडेतीन वाट्यांच्या आसपास गरम पाणी. तेलातले बुडबुडे पूर्ण थांबले की चकलीतलं पाणी गेलं. त्याआधी काढू नका.

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून बांबूचा पारंपरिक आकाशकंदील करून घ्यायचा आहे. सांगाडा दर वेळी तिरपा होतो. नेमकी मापं द्याल का? (मूल तालुका)

उत्तर : सहा चौकोन आणि आठ त्रिकोणांचा कंदील घ्या. त्याला सारख्या लांबीच्या २४ कमट्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) लागतात, मोडतात म्हणून २८ घ्या. बुरडांकडून वाळलेल्या बांबूच्या घ्या. ओली कमटी वाळली की गाठ सैल पडते. प्रत्येक कमटी १० इंच, दोन्ही टोकांपासून अर्धा इंच सोडून बारीक खाच. म्हणजे दोन गाठींमधलं अंतर ९ इंच राहतं. खाचा सारख्या नसल्या की सांगाडा तिरपा होणारच, म्हणून पुठ्ठ्यावर एक माप कापून सगळ्या त्यावरच आखा.

चार कमट्यांचा चौकोन बांधा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन-दोन कमट्या जोडा. शेजारच्या कोपऱ्यांतून आलेल्या कमट्यांची टोकं एकमेकांना बांधा, म्हणजे चौकोनाच्या चारही बाजूंना एकेक त्रिकोण तयार होतो. हा झाला अर्धा कंदील, १२ कमट्यांचा. असाच दुसरा करा आणि दोघांची चार-चार टोकं जुळवून बांधा. मधल्या पट्ट्यात टोकावर उभे चार चौकोन आपोआप दिसतील. त्रिकोण हलत नाही, चौकोन दबतो. त्यामुळे कागद लावण्याआधी सहाही चौकोनांचे कर्ण मोजा. प्रत्येक कर्ण पावणेतेरा इंच यायला हवा. कमी-जास्त असेल त्या दिशेने दाबून गाठीवर खळीचा थेंब सोडा.

वरचा आणि खालचा चौकोन उघडे ठेवा, म्हणजे कागद लागतो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना. कडेला अर्धा इंच धरून चौकोन १० इंचाचे, त्रिकोण पावणेअकरा इंच बाजूचे. पतंगाच्या कागदाचा साधारण २० बाय ३० इंचाचा ताव असेल तर एकात चौकोन, एकात त्रिकोण, तिसऱ्यात झिरमिळ्या होतात. खळ : दोन मोठे चमचे मैदा, एक कप पाणी, चिमूटभर तुरटी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हातात नको. खळ कागदाला लावू नका, कमटीला लावा. कागद ओला झाला की पसरतो आणि वाळल्यावर सुरकुतत राहतो.

आत ५ वॅटचा एलईडी पुरे. पणती ठेवू नका, वाऱ्याने कंदील हलला की कागद पेटतो.

प्रश्न : घरच्या कापसाच्या वाती तडतडतात आणि नव्या पणत्या तेल पितात. (घाटंजी तालुका)

उत्तर : पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओला असतो, तो दोन दिवस उन्हात घाला. सरकी काढताना तिची साल किंवा पानाचा कचरा राहिला की वात तडतडते, म्हणून कापूस बोटांनी विंचरून पातळ पापुद्रा करा आणि मगच वळा. पीळ सैल ठेवा, घट्ट पिळातून तेल वर चढत नाही. पेटवण्याआधी दहा मिनिटं तेलात बुडवा आणि वातीचं टोक पाव इंचापेक्षा जास्त बाहेर काढू नका, काजळी धरते. पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून सावलीत निथळा आणि संध्याकाळी तेल घाला. भाजलेल्या मातीची बारीक छिद्रं पाण्याने भरलेली असली की तेल कमी मुरतं. आतून मात्र कोरड्या फडक्याने नीट पुसा. थेंब राहिला तर ज्योत तिथेच चरचरते.